साठ लिटरचं आधण: आधी भांडं बघायचं की शेगडी?

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे बऱ्याच जणांना घरी बीअर करायचा नाद असतो, तो यालाही लागला. वीस-बावीस लिटरची दोन-चार आधणं जमली, मित्रांनी वाहवा केली, आणि आता स्वारीला एकदम दुप्पट माल काढायचाय. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने दुकानातलं चकचकीत स्टीलचं पातेलं दाखवलं. "मामा, साठ लिटरचं आहे. घेऊ का?"

मी विचारलं, "शेगडी कुठली?"

"आहे तीच की घरातली."

मला लगेच आमच्या गल्लीतलं मंडळ आठवलं. गेल्या गणपतीत महाप्रसादाला पोरांनी कुठून तरी सव्वाशे लिटरचं पातेलं पैदा केलं. शेगडी मात्र रोज चहाला वापरतात तीच. सकाळी साडेआठला आमटीचं पाणी चढवलं. साडेबाराला पंगत बसायची, तेव्हा पाण्यात बोट घालवत नव्हतं एवढंच. उकळीचा पत्ता नाही. मंडळाचे अध्यक्ष दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होते, म्हणजे होती तीही वाफ घालवत होते. आमटी साडेतीनला झाली. तोवर लोकांनी शिरा आणि भातावर हात मारून घेतला होता.

भाच्याची आणि मंडळाची चूक एकच. भांडं लिटरवर घेतलं, जाळ कुणी मोजलाच नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट साफ सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बीअर करायला १९६३पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. तेव्हा खालची बीअर भाच्याच्या गॅरेजात राहू द्या. आधणाचा हिशेब मात्र रश्श्याला, बासुंदीला, मिसळीच्या कटाला आणि गुळाच्या काहिलीलाही तोच आहे.

बीअरला एवढं काय उकळायचं असतं?

जवाला मोड आणून ते वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसाच प्रकार. हे माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. गाळून जे गोड पाणी मिळतं त्याला आपण काढा म्हणू. त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालून तासभर रटरट उकळायचं, मग गार करून यीस्ट सोडायचं. मोठं पातेलं लागतं ते या काढ्यासाठी.

चाळीस लिटर बीअर हवी तर चाळीस लिटरचं पातेलं चालत नाही. तासाभरात चारेक लिटर वाफ होऊन जातं, तेवढंच गाळात आणि फुलांत अडकतं. म्हणजे सुरुवातीला अठ्ठेचाळीस लिटर भरावं लागतं. शिवाय पहिली उकळी फुटताना हा काढा दुधासारखा फसफसून वर येतो. भगोलंभर दूध उतू गेलं तर ओटा पुसायचा. इथे उकळता, चिकट पाक पायावर येतो. म्हणून पाचवा हिस्सा तरी रिकामा हवा. त्या हिशेबाने साठ लिटर बरोबर आहे. भाच्याने भांडं चुकीचं निवडलं नव्हतं.

बोअरची मोटर आणि गच्चीवरची टाकी

आता जाळ मोजू. विजेच्या युनिटमध्ये मोजलं की डोक्यात पटकन बसतं, कारण बिल आपण सगळेच भरतो.

एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. भागाकार केला की एका युनिटमध्ये साडेदहा लिटरच्या आसपास पाणी उकळीला येतं. हा आकडा लक्षात ठेवा, बाकी सगळं तोंडी करता येतं. भाच्याच्या ४८ लिटरला साडेचार युनिट. मंडळाच्या पातेल्यात शंभर लिटर पाणी असेल, तर साडेनऊ.

साडेचार युनिट ऐकायला काहीच वाटत नाही. पण प्रश्न ती किती वेगाने आत जातात याचा आहे. गच्चीवर पाचशे लिटरची टाकी होती, ती काढून दोन हजारांची बसवली आणि खाली मोटर अर्ध्या एचपीचीच ठेवली, तर टाकी भरायला चौपट वेळ लागणार. त्यासाठी टाकीला कुणी शिव्या घालत नाही. पातेलं ही टाकी आणि शेगडी ही मोटर. तिकडच्या घरातल्या साध्या सॉकेटवर जास्तीत जास्त तीन किलोवॅटचा हीटर चालतो, म्हणजे तासाला तीन युनिट. त्यावर ४८ लिटरला दीड तास. वाटेत हवेत जाते ती उष्णता वेगळी.

गॅसचा हिशेबही अवघड नाही. एक किलो एलपीजी जळाला की पावणेतेरा युनिटांएवढी उष्णता निघते. स्वयंपाकघरातली चांगली शेगडी तिच्यातली दोन तृतीयांश भांड्यात घालते. अंगणात, वाऱ्यावर, उघड्या भट्टीवर निम्मी पोचली तरी नशीब समजा. म्हणजे ढोबळ मानाने किलोभर गॅसला साठेक लिटर पाणी उकळतं. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचं येतं, घरगुती १४.२ किलोचं. (घरगुती सिलिंडर महाप्रसादाला लावायचं नसतं हे मंडळाला ठाऊक असतं. पातेल्यामागे कापड टाकून झाकलेलं काय असतं, ते विचारू नये.)

भांडं दुप्पट, तर वेळही दुप्पट?

त्याच शेगडीवर लिटर दुप्पट झाले तर हो. पण भांड्याची मापं दुप्पट केली तर नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पातेलं रुंदीला आणि उंचीला दोन्हीकडून दुप्पट केलं की आतलं पाणी आठपट होतं, बूड मात्र चौपटच वाढतं. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर माणसं आठपट आली आणि दरवाजे चौपटच काढले, तर दारात काय होईल ते डोळ्यासमोर आणा. जाळ बुडातूनच आत शिरतो, आणि भांडं जितकं मोठं तितकं दर लिटरच्या वाट्याला बूड कमी येतं.

"मग जाळ मोठा करू की"

मंडळातल्या एका पोराने हेच केलं होतं. कॉक पूर्ण फिरवला. ज्योत बुडाखालून बाहेर निघून पातेल्याच्या पोटापर्यंत चढली. दिसायला जोरदार, बघणाऱ्यालाही वाटतं की आता उकळी आलीच. पण काठाबाहेर गेलेली ज्योत पाण्याला नाही, गल्लीला तापवते. ज्योतीचं टोक बुडाच्या आतच राहिलं पाहिजे. मोठ्या भांड्याला मोठ्या घेराचा, दोन-तीन कड्यांचा बर्नर लागतो तो यासाठी. चहाच्या शेगडीची ज्योत कितीही उंच केली तरी तिचा घेर वाढत नाही.

वारा हा दुसरा चोर. रंकाळ्यावर संध्याकाळी कणसं भाजणाऱ्यांना विचारा, आडोशाशिवाय त्यांचं पान हलत नाही. पत्र्याचा आडोसा भट्टीला जरूर करा, पण खालून हवा येऊ द्या आणि सिलिंडर आडोशाच्या बाहेर ठेवा. ज्योत पिवळी होऊन बुडाला काजळी धरायला लागली, तर हवा कमी पडतेय.

जाळ मोठा ठेवला की आणखी एक गंमत दिसते. सिलिंडरच्या खालच्या भागाला आधी दव येतं, मग पांढरं हिव धरतं, आणि अजून निम्मा गॅस असतानाच ज्योत मंदावते. "गॅस संपला" म्हणून लोक सिलिंडर बदलतात. संपलेला नसतो. आत गॅस पातळ रूपात असतो, त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःच्या अंगातून घेतो आणि गारठतो. गारठला की दाब उतरतो. उपाय म्हणजे दोन सिलिंडर एकत्र जोडून घेणं, तेही जाणत्या माणसाकडून. सिलिंडर आडवं पाडणं किंवा त्याखाली जाळ धरणं हे उपाय नव्हेत, ती अपघाताची तयारी आहे.

काहील पसरट, बीअरचं पातेलं उभट

भाच्याने दाखवलेलं पातेलं ४० सेंटिमीटर रुंद आणि ४८ उंच होतं. आपल्या गुऱ्हाळातली काहील बरोबर उलटी: आठ-नऊ फूट रुंद, आणि रस जेमतेम गुडघ्याच्या खाली. दोन्हीकडे गोड पाणीच उकळायचं, मग ठेवण अशी उलटसुलट का?

हिवाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर कुठल्याही गुऱ्हाळावर जा, उत्तर समोरच उकळत असतं. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस वाळलेल्या चिपाडांचे पेंढे एका लयीत आत सारत असतो. वर काहिलीत हजारेक लिटर रस. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातलेला असतो, त्याला धरून मळी वर येते आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढून टाकतात. वाफ एवढी की पलीकडचा माणूस दिसत नाही. शेवटी शेवटी बुडबुडे जड होतात, "फट् फट्" असा आवाज येतो. गुळव्या पाकाचे थेंब गार पाण्यात सोडतो, दोन बोटांत गोळी वळतो, ती काठावर आपटून आवाज ऐकतो, आणि मग काहील उतरते.

हजार लिटर रसातून जवळपास आठशे लिटर पाणी हाकलायचं असतं. पाणी उकळीला आणणं स्वस्त, त्याची वाफ करणं महाग. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे तेच पाणी २० वरून १०० अंशांवर आणायला लागले त्याच्या पावणेसातपट. आठशे लिटरचे झाले पाचशे युनिट, एका आधणाला! मोठ्या कुटुंबाचं दोन-तीन महिन्यांचं वीजबिल एका काहिलीत उडून जातं. चिपाडं त्याच उसातून फुकट मिळतात, म्हणूनच हा धंदा चालतो.

एवढी उष्णता आत घालायची तर बूड हवं. हजार लिटरचं भांडं बीअरच्या पातेल्याच्या ठेवणीचं केलं, तर रुंदी जेमतेम एक मीटर होईल. अडीच मीटरच्या काहिलीचं बूड त्याच्या सहापट भरतं. आता लोक म्हणतात, "तोंड रुंद म्हणून वाफ जास्त." अर्धंच खरं. उकळी येण्याआधी तोंडाचा फरक पडतो. एकदा खळाखळा उकळी फुटली की वाफ किती निघणार हे खालून किती उष्णता घुसते यावरच ठरतं. रुंद तोंडाची किंमत आहे ती फेस पसरायला जागा मिळते म्हणून, आणि मळी काढायला हात पोचतो म्हणून.

भाच्याला अठ्ठेचाळीसातलं चारच लिटर घालवायचंय, बाकीचं राखायचंय. त्याला उभट भांडंच बरं. तरी ते चार लिटर तासात घालवायला अडीच युनिट लागतात. म्हणजे तीन किलोवॅटचा हीटर उकळी टिकवण्यापुरताच, हातात फारसं काही उरत नाही.

उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवली तर लवकर शिजेल?

नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथेच थांबतं. रटरट आणि बारीक उकळी, दोन्हींत डाळ त्याच तापमानाला शिजते. मोठ्या जाळाने फक्त वाफ आणि गॅस उडतो. पाक घट्ट झाला की गोष्ट वेगळी: साखर दाटत जाते तसा उत्कलनबिंदू वर सरकतो, आणि गूळ उतरवताना पाक ११८ ते १२० अंशांवर असतो. गुळव्या थर्मामीटर न बघता तेच ओळखतो.

तांब्याचं घेतलं तर पटकन तापेल ना?

तांबं स्टीलपेक्षा पंचवीसपट चांगलं उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण स्टीलचा पत्रा असतो एक मिलिमीटरचा. पाच किलोवॅटच्या जाळालाही त्या पत्र्याच्या खालच्या आणि वरच्या बाजूत फरक पडतो दोन-तीन अंशांचा. बाहेर ज्योत हजार अंशांच्या पुढे. अडथळा धातूत नाहीच, तो गरम हवेतून धातूत शिरताना आहे. रस्ता वारणेच्या पुलावर तुंबलेला असताना पुढचा रस्ता सहापदरी केला, तसं होतं.

धातूचा फरक कळतो तो दाट पदार्थाला. बासुंदी, डाळ, पिठलं स्वतःहून फिरत नाही. पातळ स्टीलच्या बुडावर ज्योतीची कडी जिथे लागते तिथेच करपतं. त्यासाठी जाड बुडाचं किंवा मधे अॅल्युमिनियमची चकती दाबलेलं भांडं घ्यावं. अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं स्वस्त आणि हलकं, पण चिंच-कोकमाची आमटी त्यात ठेवू नये. पितळेला कल्हई आली. पातळ काढ्यासाठी ३०४ दर्जाचं स्टील मला सगळ्यात बिनभानगडीचं वाटतं, घासायला सोपं आणि आंबटाला न घाबरणारं. मात्र ३०४ला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे बुडाला वेगळा थर नसेल तर इंडक्शनवर ते तापणारच नाही. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा.

झाकण ठेवायचं का?

उकळी येईपर्यंत नक्की ठेवा. मंडळाचे अध्यक्ष वाचत असतील, तर खास त्यांच्यासाठी. पण बीअरच्या काढ्याला उकळी फुटली की झाकण काढायचं, कारण माल्टमधून एक गंधकाचा वायू निघतो. तो कोंडला तर बीअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

गॅस, वीज, की दोन पातेली?

गॅरेजात काम असेल तर वीज. पाण्यात बुडालेल्या हीटरची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते आणि धूर नाही. बंद गॅरेजात मोठी गॅस भट्टी लावली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस नुसता पेंगुळतो आणि उठत नाही. भाच्याला हे मी दोनदा बजावलंय.

मंडळाला माझा सल्ला वेगळा: पन्नास-साठ लिटरची दोन पातेली, दोन भट्ट्या. दोन लहान भांड्यांचं मिळून बूड एका मोठ्यापेक्षा सव्वापट भरतं, जाळ दुप्पट मिळतो, आणि एक आमटी करपली तरी दुसरी वाचते.

उतरवायचं आणि गार करायचं

साठ लिटर म्हणजे साठ किलो, वर भांड्याचं वजन. उकळतं पातेलं दोघांनी फडक्याने धरून उतरवणं हा शूरपणा नाही. खाली तोटी बसवून घ्या, भट्टी बुटकी ठेवा.

आणि जे सावकाश तापतं ते सावकाश निवतं. भाच्याला काढा २० अंशांवर पटकन आणावा लागतो, तेव्हा तो तांब्याच्या नळीचं वेटोळं आत सोडून त्यातून गार पाणी फिरवतो. (इथे तांबं खरंच कामाला येतं, कारण दोन्ही बाजूंना पाणी असतं.) आपल्याकडे शंभर लिटरमधली उरलेली आमटी झाकून रात्रभर तशीच ठेवतात. मधोमध ती पहाटेपर्यंत कोमट असते, आणि उकळीतूनही तगून राहणारे काही जंतू ६० अंशांच्या खालच्या त्या कोमट पट्ट्यात झपाट्याने वाढतात. उरलं तर लगेच पसरट परातींत, चार बोटं उंचीएवढं ओता आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये टाका.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं आणि म्हणालो, माल्ट भिजवायच्या आधी एकदा नुसतं पाणी भरून लावून बघ. त्याने त्याच दिवशी पातेलं आणलं, ४८ लिटर पाणी घरातल्या शेगडीवर चढवलं, आणि रात्री मेसेज आला: "तीन तास झाले. ९३वर अडकलंय."

मी लिहिलं, "झाकण?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "पातेल्याबरोबर होतं ते अजून खोक्यात आहे."